न पोहोचलेले पत्र : बाबासाहेबांच्या आठवणींतील रामजी सुभेदार

(विद्यानगर, हैदराबाद येथील व्याख्यानाचा पाठ)



विद्यानगर हा उस्मानिया विद्यापीठाचा शेजार. १२ जानेवारी १९५३ रोजी या विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच्या आदल्याच वर्षी, जून १९५२ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. देऊन गौरविले होते. ज्या मुलाला शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागले, त्याच्या नावामागे जगातील मान्यवर विद्यापीठांच्या पदव्या लागल्या, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. आजचा विषय त्या कथेच्या पूर्वार्धातील एका माणसाचा आहे. तो माणूस म्हणजे या मुलाचे वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

वडिलांविषयी बोलताना आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. माणूस थोर झाला की त्याचे वडीलही चरित्रग्रंथांत थोर होतात. त्यांची शिस्त सांगितली जाते, त्यांचा त्याग सांगितला जातो. मुलाला त्यांचे काय खुपले, ते घरी किती आणि घराबाहेर किती होते, हे मात्र कोणी सांगत नाही. बाबासाहेबांनी ही रीत पाळली नाही. त्यांनी स्वतःच्या बालपणाविषयी जे थोडेबहुत लिहिले व सांगितले, त्यात रामजी सुभेदार गुणदोषांसह उभे आहेत. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्या आठवणी वाचताना वडिलांविषयीची माया मनाला भिडल्यावाचून राहत नाही.

रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते व चौदा वर्षे मुख्याध्यापकही होते. महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्मास आले. घरात त्याला भिवा म्हणत. सेवानिवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस राहिले आणि पुढे साताऱ्यास आले. सातारा येथेच भिवाची आई भीमाबाई निवर्तली. मुलगा तेव्हा जेमतेम पाचसहा वर्षांचा होता. त्यानंतर मुलांची काळजी घेतली ती आत्याने. मीराबाई हे तिचे नाव. ती शरीराने ठेंगणी आणि पायांनी अधू होती; पुष्कळदा तिलाच उचलून न्यावे लागे. तिच्याइतकी प्रेमळ व्यक्ती दुसरी पाहिली नाही, असे बाबासाहेबांनी लिहून ठेविले आहे. मात्र घर चालविण्याच्या कामी तिचा उपयोग होण्यासारखा नव्हता.

रामजी या सुमारास घरी नव्हते. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे मुंबई सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. दुष्काळाने माणसे हजारोंनी मरत होती, आणि त्यांना मजुरी मिळावी हा त्या कामाचा हेतू होता. तेथे रामजी खजिनदार म्हणून नोकरीस होते. खजिन्याच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याला जागा सोडता येत नाही. त्यामुळे मुलांना भेटावयास साताऱ्यास येणे त्यांना जमेना. साताऱ्याच्या घरी भिवा, त्याचा वडील भाऊ आणि मृत बहिणीचे दोन मुलगे अशी चार मुले होती. बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. चौघे शाळेत जात आणि घरी येऊन स्वयंपाकही स्वतःच करीत. भाकरी कोणालाच करता येत नसे. म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करावा आणि त्यावर दिवस काढावे, असा त्यांचा क्रम होता. पोरक्या घरातील हा पुलाव बाबासाहेबांनी कोठेही करुण करून सांगितलेला नाही. ती मुलांची एक सोय होती, इतकेच.

१९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत गोरेगावला या, असे वडिलांचे पत्र आले. चार मुलांच्या जिवाला केवढा हर्ष झाला असेल! त्यांच्यापैकी कोणीही तोपर्यंत आगगाडी पाहिलेली नव्हती. इंग्रजी धाटणीचे नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी नवी धोतरे असा सारा थाट करण्यात आला. वडिलांनी प्रवासाचा सर्व तपशील कळविला होता. निघण्याचा दिवस कळवा, म्हणजे स्टेशनावर शिपाई पाठवितो, असेही लिहिले होते. त्याप्रमाणे मुलांनी पत्र टाकले आणि ती टांग्याने दहा मैलांवरच्या रेल्वे स्टेशनाकडे निघाली.

सायंकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला पोहोचली. उतरलेले उतारू पांगले. शिपायाचा पत्ता नव्हता आणि वडिलांचाही नव्हता. चांगल्या कपड्यांतील ती मुले पाहून स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. भिवाच्या तोंडून जात निघून गेली आणि त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावरचा भाव क्षणात पालटला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान महारांच्या मुलांना नेण्यास राजी होईना. अखेर एक जण तयार झाला तो या अटीवर की, गाडी मुलांनीच हाकावी आणि त्याने बाजूने पायी चालावे. बरोबर शिदोरी होती, परंतु पाणी नव्हते. वाटेत जे पाणी दिसले ते चिखलाने आणि गुरांच्या घाणीने भरलेले होते. रात्री जकातीच्या नाक्यावर, आम्ही मुसलमान आहोत असे सांगून पाहिले, तरी प्यावयास पाणी मिळाले नाही. भरल्या डब्याशेजारी उपाशी आणि तहानेली अशी ती मुले रात्रभर तेथे पडून राहिली. गाडीवानाची भीती वाटत होती, म्हणून दोघांनी झोपावे आणि दोघांनी जागावे असे त्यांनी ठरविले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावी पोहोचली.

मुलांना दारात पाहून रामजी चकित झाले. तुम्ही येणार हे आपणांस कोणी कळविलेच नाही, असे ते म्हणाले. मुले म्हणाली, आम्ही पत्र घातले होते. ते नाही म्हणत राहिले. मागाहून उलगडा झाला. पत्र आले होते, पण ते त्यांच्या नोकराच्या हाती पडले आणि ते धन्याला द्यावयास तो विसरला.

ही हकिकत बाबासाहेबांनी पुढे इंग्रजीत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या लेखनात सांगितली. परदेशी वाचकास अस्पृश्यता म्हणजे काय हे कळावे, या हेतूने ते लिहिलेले आहे. बाबासाहेबांच्या हयातीत ते पुस्तकरूपाने निघाले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते प्रसिद्ध केले आणि त्यानंतर त्यांच्या समग्र वाङ्मयातही त्याचा समावेश झाला. हैदराबादच्या वाचकाने ते अवश्य वाचावे, कारण त्यातील एक प्रसंग १९३४ साली तेव्हाच्या निजामी राज्यातील दौलताबादच्या किल्ल्यावर घडलेला आहे.

मसूरच्या प्रसंगात लक्षात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. नऊ वर्षांचा मुलगा तहानेने व्याकुळ होऊन रात्र काढतो आणि सकाळी वडिलांना भेटतो. त्या वयाच्या मुलाच्या मनात पहिला सवाल उठतो तो हाच, की तुम्ही का आला नाहीत? पुढे आयुष्यभर हा सल धरून ठेवणारी माणसे थोडी नाहीत. बाबासाहेबांच्या निवेदनात त्या सलाचा मागमूस नाही. नोकराची चूक त्यांनी एका वाक्यात सांगितली आणि वडिलांचे न येणेही एका वाक्यात सांगितले. सविस्तर सांगितले ते स्टेशन मास्तरचे बदललेले तोंड, गाडीवानाची अट आणि नाक्यावरचा नकार. पत्र हरवणे ही कोणाच्याही घरी घडणारी चूक आहे. दुसऱ्या मुलांच्या बाबतीत तिच्यापायी तासाभराचा खोळंबा झाला असता. या मुलांच्या बाबतीत ती जिवावर बेतली, आणि त्याचे कारण घराबाहेर होते. वडिलांचा दोष केवढा आणि समाजाचा केवढा, याचा हिशेब त्यांनी इतका चोख केला आहे. खजिनदाराच्या या मुलाने एकाच्या खात्यावरील रक्कम दुसऱ्याच्या नावे मांडली नाही.

याचा अर्थ वडिलांच्या नावे काही मांडलेच नाही, असा नव्हे. भीमाबाईंच्या मागे रामजींनी दुसरे लग्न केले. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भिवाला ते सहन झाले नाही. या घरात आता राहावयाचे नाही, आपल्या पायांवर उभे राहावयाचे, असे त्याच्या मनाने घेतले. साताऱ्याची मुले मुंबईला जाऊन गिरणीत काम करतात, असे त्याच्या कानी आले होते. गाडीभाड्यासाठी पैसे हवेत, म्हणून शेजारी झोपलेल्या आत्याच्या कमरेची पिशवी काढून घेण्याचा उद्योग त्याने काही रात्री केला. शेवटी पिशवी हाती आली, पण तिच्यात निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने त्याचे डोळे उघडले. पळून जाण्याचा बेत त्याने सोडला आणि खूप अभ्यास करून लवकर स्वतंत्र व्हावे असा निश्चय केला. ही आठवण स्वतः बाबासाहेबांनी सांगितलेली आहे. वडिलांवर रुसलेला मुलगा आणि आत्याच्या पिशवीत हात घालणारा मुलगा, दोघांनाही त्यांनी लपविलेले नाही.

दुसरी तक्रार विचारांची होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, त्यांनी एक प्रस्तावना लिहिली. तीत वडिलांचे वर्णन आले आहे. रामजी कबीरपंथी होते. मूर्तिपूजेवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तरी मुलांसाठी म्हणून ते घरी गणपती बसवीत. मुलाला ते आवडत नसे. निजण्यापूर्वी रोज रामायण-महाभारताचा काही भाग बहिणींना आणि जमलेल्या मंडळींना वाचून दाखवावा, अशी त्यांची सक्ती होती, आणि ती अनेक वर्षे चालली. हे ग्रंथ आपण का वाचावयाचे, असे मुलाने विचारले तेव्हा वडिलांनी द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांची उदाहरणे दिली. हीन मानल्या गेलेल्या माणसाने किती उंची गाठली हे कळावे आणि मनातील न्यूनगंड जावा, हा त्यांचा मुद्दा. त्या म्हणण्यात काही तथ्य आहे हे मुलाला जाणवत होते, परंतु त्याचे समाधान झाले नाही. वडिलांच्या वागण्यातील विसंगती त्याने त्या वयात टिपली आणि चौसष्टाव्या वर्षी ती जशीच्या तशी लिहिली. वडील हयात नाहीत म्हणून तिला सोनेरी मुलामा दिला नाही.

इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्याबद्दल वस्तीतील लोकांनी सत्कारसभा घेण्याचे ठरविले, तेव्हाही रामजींनी प्रथम ठाम नकार दिला. अशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना धास्ती होती. मंडळींनी कृष्णाजी अर्जुन केळुसकर ऊर्फ दादा केळुसकर यांना मध्ये घातले आणि मगच सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. वडिलांचा नकार टिकला असता तर ते पुस्तक त्याला त्या दिवशी मिळाले नसते. रामजींच्या कडकपणाला अशीही एक बाजू होती.

आता दुसरी बाजू पाहू. गोरेगावची नोकरी संपली आणि पुढे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीत एक खोली. तिच्यातच स्वयंपाक, सरपण आणि सारी माणसे. मुलाला अभ्यासाला जागा नव्हती आणि निजावयासही धड नव्हती. तेव्हा सुभेदारांनी एक तोड काढली. मुलाला ते संध्याकाळीच झोपवीत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि मग त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः पाठ टेकीत. सातारच्या घरी वर्षानुवर्षे नसलेले वडील मुंबईच्या खोलीत रात्ररात्र जागे राहिले.

इंग्रजीचा पाया त्यांनीच घालून दिला. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. शाळेच्या पुस्तकांखेरीज इतर पुस्तके घेण्याचा नाद मुलाला लागला होता आणि घरात तर पैसा नव्हता. मुलाने पुस्तक मागितले की म्हातारा बाप उठे आणि मुंबईतच दिलेल्या धाकट्या मुलीच्या घरी जाई. तेथे काही मिळाले नाही तर थोरलीकडे जाई. लेकीचा दागिना उसना घ्यावा, सावकाराकडे गहाण टाकावा, पुस्तक आणून मुलाच्या हाती द्यावे आणि निवृत्तिवेतन आले की दागिना सोडवून परत करावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. दागिन्यांवरून ज्या मुलाचे मन एकदा दुखावले होते, त्याला पुस्तके मिळाली तीही दागिन्यांवरच. या दोन्ही आठवणी त्याने जपल्या. एकीने दुसरी पुसली नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि पुढे सयाजीराव महाराजांच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या साहाय्याने एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी बडोदे संस्थानात नोकरी पत्करली. रामजींना ते पसंत नव्हते. मुलाने मुंबईतच राहावे असे त्यांना वाटत होते. मुलगा गेला. पंधरा दिवस उलटतात न उलटतात तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव मिळेल त्या गाडीने निघाले. वाटेत सुरत स्टेशनावर, वडिलांना आवडेल म्हणून मिठाई घ्यावयास उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला. मृत्युशय्येवरील रामजींची नजर मुलालाच शोधीत होती. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि काही वेळाने प्राण सोडला. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३.

मसूरच्या स्टेशनावर वडील वेळेवर पोहोचले नाहीत. सुरतेच्या स्टेशनावर मुलाला उशीर झाला. दोन्ही वेळी कारण क्षुल्लक होते, आणि दोन्ही वेळी मनात प्रेमाखेरीज दुसरे काही नव्हते. ज्याने आपल्या माणसाला असे एकदा तरी ताटकळत ठेविले आहे, त्याला दुसऱ्याच्या उशिराचा न्यायनिवाडा करताना आपोआप संयम येतो.

हा संयम बाबासाहेबांना आणखी एका कारणाने आला असावा. त्यांच्यावरही गैरहजर वडील होण्याची पाळी आली. १९१३ च्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा यशवंत हे त्यांचे पहिले अपत्य अवघ्या काही महिन्यांचे होते. ते १९१७ मध्ये परतले, १९२० मध्ये लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पुन्हा आले. मधल्या साऱ्या वर्षांत घर ओढले ते रमाबाईंनी. यशवंतखेरीज त्यांची सर्व मुले लहानपणीच गेली. राजरत्न हा लाडका मुलगा १९२६ साली गेला. १९४० साली पाकिस्तानविषयीचा ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. तेव्हा घरापासून दूर राहण्याची किंमत कोणी चुकविली, हे त्यांच्या मनात स्पष्ट होते.

त्याही आधी, १९२३ साली, लंडन येथे त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चलन, विनिमय आणि सुवर्णमान यांची चर्चा करणारा असा हा रुक्ष विषयाचा ग्रंथ. त्याच्या आरंभीच्या पानावर अर्पणपत्रिका आहे, आणि ती आईवडिलांच्या स्मृतीस आहे. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग आणि दाखविलेली दृष्टी यांबद्दलची कृतज्ञता तीत आहे. हे शब्द तोलून लिहिलेले आहेत. वडील निर्दोष होते, असे तेथे म्हटलेले नाही. ज्या गोष्टीबद्दल ऋण होते, तिचा उच्चार केला आहे. रुपयाचा प्रश्न सोडवू पाहणाऱ्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर, लेकीच्या गहाण दागिन्यांतून घेतलेल्या पुस्तकांची ही परतफेड आहे. वडिलांच्या हाती न पोहोचलेल्या त्या पत्राला बावीस वर्षांनी असे उत्तर मिळाले, परंतु ते वाचावयास रामजी राहिले नव्हते.

बदलीच्या नोकऱ्या, दूरची गावे, महिन्याकाठी येणारी मनीऑर्डर आणि सुटीत होणारी भेट हे हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना नवे नाही. पुष्कळांच्या बालपणी वडील म्हणजे खुंटीवरची टोपी आणि पाकिटावरचे अक्षर एवढेच होते. अशा वडिलांविषयी बोलताना मन दोन टोकांकडे धावते. एक तर त्यांना देव्हाऱ्यात बसविले जाते, नाही तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. रामजी सुभेदारांच्या मुलाने या दोहोंपेक्षा कठीण वाट धरली. जे खुपले ते सांगितले, जे मिळाले तेही सांगितले आणि शेवटी आपली पुस्तके त्यांच्या नावाने जगापुढे ठेविली.

शंभर वर्षे ग्रंथालय चालविणाऱ्या समाजाला हा प्रसंग विशेष जवळचा वाटावा. दादरच्या राजगृहात बाबासाहेबांनी जो मोठा ग्रंथसंग्रह उभा केला, त्याचे पहिले पुस्तक कोणते हे शोधावयाचे झाल्यास, एक वृद्ध निवृत्त सुभेदार परळच्या चाळीतून लेकीच्या घराकडे चालला आहे, हे चित्र प्रथम डोळ्यांसमोर आणावे लागेल. ज्या घरी असा बाप नाही, किंवा आहे पण दूर आहे, त्या घरच्या मुलासाठीच सार्वजनिक ग्रंथालय असते. संध्याकाळी कोणी मूल एकटेच येऊन देवघेवीच्या खिडकीपाशी पुस्तक मागत उभे राहिले, तर त्याच्यासोबत कोण आले आहे हे न विचारता त्याला पुस्तक द्यावे. ते त्याच्या हाती पोहोचले पाहिजे, एवढी काळजी मात्र घ्यावी.